परत आलेले दोघे आणि न आलेले चोपन्न

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. रात्री हापिसातून घरी येताना कॅबमध्ये मोबाईल चाळत बसलो होतो आणि बातमी दिसली की हवाई दलाचे निवृत्त ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेले. मी एकदम "अरे, परुळकर गेले!" असं मोठ्याने म्हणालो. शेजारच्या सहकाऱ्याने कानातला हेडफोन काढून काळजीने विचारलं, "कोणत्या टीमचे?"

त्याचा दोष नाही. नऊ वर्षांपूर्वी मलाही हे नाव माहीत नव्हतं, आणि कळलं तेही पुस्तकातून नाही, तर रात्री साडेदहाच्या एका हिंदी मालिकेमुळे आणि आमच्या शेजारच्या फौजी आबाजींमुळे. घरी पोचल्यावर आईला फोन लावला आणि म्हटलं, "आबाजींना सांग, परुळकर गेले." आई म्हणाली, "उद्या तूच सांग. तो माणूस माझ्याशी या विषयावर बोलत नाही." ते आईशीच काय, कोणाशीच बोलत नाहीत. माझ्याशी बोलले तेही त्या मालिकेमुळे. म्हणून हा लेख.

तर आधी मालिका. 'पी.ओ.डब्ल्यू. - बंदी युद्ध के' नावाची मालिका स्टार प्लसवर ७ नोव्हेंबर २०१६ ला सुरू झाली. (दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, त्यामुळे पहिल्या आठवड्यात ती किती लोकांनी पाहिली देव जाणे.) निखिल अडवाणीने केली होती. कारगिल युद्धात हरवलेले दोन जवान, सरताज सिंग आणि इमान खान, तब्बल सतरा वर्षांनी पाकिस्तानच्या कैदेतून परत येतात. पूरब कोहली आणि सत्यदीप मिश्रा यांनी ही कामं केली होती, बायकांच्या भूमिकेत अमृता पुरी आणि संध्या मृदुल. घरी आल्यावर कळतं की घर पुढे निघून गेलंय. मुलं ओळखत नाहीत, बायकोशी काय बोलावं हे समजत नाही, आणि एक अधिकारी सारखा मागे लागलाय की तुम्ही तिकडे काय काय कबूल करून आलात? तुम्ही अजून 'आमचेच' आहात ना? मालिकेचा सगळा जीव या प्रश्नात आहे.

मूळ कल्पना आपली नाही, हे तेव्हाच सगळ्यांनी सांगून झालं होतं. इस्रायलमध्ये गिडियन राफने २०१० मध्ये 'हातुफिम' नावाची मालिका काढली. तिच्यात तीन सैनिक पकडले जातात. सतरा वर्षांनी दोघे जिवंत येतात आणि तिसऱ्याची शवपेटी येते. अमेरिकेत त्यावरून २०११ मध्ये 'होमलँड' झाली आणि मग आपल्याकडे ही.

मी तेव्हा अमरावतीला इंजिनिअरिंग करत होतो आणि रोज घरून, म्हणजे नांदगाव पेठहून, जाऊन-येऊन करायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमरावतीहून नागपूरकडे निघालात की थोड्याच वेळात टोलनाका लागतो आणि तिथे तुम्ही फास्टॅगला शिव्या घालता, तेच आमचं गाव. एमआयडीसीमुळे आता जरा नाव ऐकू येतं. आमच्या घराला लागून आबाजींचं घर. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, मग बरीच वर्षं अमरावतीच्या एका बँकेच्या दारात दोन नळीची बंदूक घेऊन उभे. १९७१ च्या लढाईत होते एवढं गावाला माहीत. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलवायचे, नारळ-शाल द्यायचे, ते खुर्चीत ताठ बसायचे आणि भाषणाची वेळ आली की "मास्तर बोलतीन" म्हणून सुटका करून घ्यायचे.

त्यांचा टीव्ही बिघडला होता म्हणून ते रात्री आमच्याकडे बातम्या बघायला यायचे. बंगईवर बसायचे. बातम्या झाल्या की मी चॅनल बदलायचो आणि ही मालिका लावायचो. दोन-तीन दिवस काही बोलले नाहीत. एके रात्री इमानची चौकशी चाललेली, टेबल, दिवा, धारदार प्रश्न वगैरे. आबाजी उठले, चप्पल घातली आणि दारात उभे राहून म्हणाले, "हे दोघं पोट्टे परत आले म्हून शिरियल झाली. जे नाई आले त्यायची कोन करते शिरियल?"

आणि गेले.

मला तेव्हा वाटलं, म्हातारा माणूस, झोप आली असेल. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि ते सकाळीच आले. मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन असाइनमेंट करत (म्हणजे मित्राची उतरवत) बसलो होतो. म्हणाले, "तुया त्या कम्प्युटरात पाह्य बरं एक नाव. मायासंग होता. सापडला नाई तो."

त्या नावाकडे मी शेवटी येतो. कारण ते शोधायला बसलो आणि दुपारपर्यंत मी भलतीकडेच पोचलो होतो.

पहिली गोष्ट ही कळली की मालिकेने युद्ध बदललं होतं. कारगिलमध्ये सतरा वर्षं कैदेत राहिलेले जवान ही शुद्ध कल्पना. कारगिलचा सगळ्यांना आठवणारा युद्धकैदी म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता. २७ मे १९९९ ला त्याचं विमान पडलं, तो पकडला गेला आणि ३ जूनला सुटला. आठवडाभराची कैद. वर्षानुवर्षं न सुटलेला जो खरा प्रश्न आहे, तो १९७१ चा आहे. म्हणजे आपण जिंकलेल्या, तेरा दिवसांत संपवलेल्या, शाळेत अभिमानाने शिकवल्या जाणाऱ्या युद्धाचा. कारगिल टीव्हीवर पाहिलेली पिढी मालिकेची प्रेक्षक होती, त्यामुळे कारगिल घेतलं हे समजू शकतं. पण मला वाटतं दुसरंही एक कारण असावं. १९७१ घेतलं असतं तर चौकशीच्या टेबलाची दिशा उलटी करावी लागली असती. तिथे प्रश्न परत आलेल्या जवानाला नाही, त्याला परत न आणणाऱ्यांना विचारावे लागतात.

आकडे बघा. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली तेव्हा सुमारे ९३,००० पाकिस्तानी माणसं ताब्यात आली (यात सैनिकांबरोबर निमलष्करी आणि नागरी माणसंही होती). पश्चिम आघाडीवर पाकिस्तानच्या ताब्यात आपले सहाशेहून थोडे जास्त जवान होते. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला. त्यात कैद्यांचा प्रश्न सुटला नाही, कारण पूर्वेकडची शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सेनेपुढे झाली होती आणि पाकिस्तानने बांगलादेशला अजून मान्यताच दिली नव्हती. पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल १ डिसेंबर १९७२ ला झाली. ९३,००० चा करार २८ ऑगस्ट १९७३ ला दिल्लीत झाला आणि शेवटची तुकडी एप्रिल १९७४ मध्ये गेली. तोपर्यंत आपल्याकडची बरीच घरं एकच प्रश्न विचारत होती, की आमचा यादीत का नाही?

१९७९ मध्ये सरकारने लोकसभेत चाळीस नावं सांगितली, जी पाकिस्तानच्या तुरुंगात असावीत असं मानलं जात होतं. पुढे ही यादी चोपन्नची झाली आणि 'मिसिंग ५४' हे नाव पडलं. पाकिस्तानचं उत्तर ठरलेलं: आमच्याकडे कोणीही नाही. २०१९ मध्ये संसदेत सांगितलेला आकडा ८३ होता, त्यात हे चोपन्नही आले. पन्नास वर्षांत यादी कमी होण्याऐवजी वाढली, हे कुठल्या बग-ट्रॅकरमध्ये झालं असतं तर मॅनेजरने कोणाचं तरी अप्रेझल खाल्लं असतं. असो.

आता या यादीतलं एक घर मराठी आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. सुखोई-७ चा वैमानिक. डिसेंबर १९७१ च्या पहिल्याच आठवड्यात शोरकोटवर हल्ल्याला गेला आणि परत आला नाही. बायको दमयंती तांबे, देशाची बॅडमिंटन विजेती, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. ढाक्याच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली, तिच्यात 'टॉम्बे' असं एक नाव होतं. स्पेलिंगची एका अक्षराची चूक. आपल्या आडनावांची परदेशी कागदांवर काय अवस्था होते हे ज्याने एकदा व्हिसाचा फॉर्म भरलाय त्याला सांगायला नको. पण त्या एका चुकलेल्या अक्षरावर एक बाई पन्नास वर्षं उभी राहिली. नावाची बातमी आली म्हणजे कोणीतरी त्याला नाव विचारलं असणार, आणि त्याने ते सांगितलं असणार. मेलेला माणूस नाव सांगत नाही.

दमयंती तांबे पुढे दिल्लीत जेएनयूच्या क्रीडा विभागात नोकरीला लागल्या आणि सोबत हा दुसरा, बिनपगारी जॉब करत राहिल्या. अर्ज, भेटी, निवेदनं. त्यांच्यासारखी इतर घरंही होती. मेजर अशोक सुरी मृत म्हणून नोंदले गेले होते, पण १९७४-७५ मध्ये त्यांच्या वडिलांना कराचीहून त्यांच्या हातची पत्रं आली. 'टाइम' साप्ताहिकाच्या डिसेंबर १९७१ च्या अंकात गजाआडच्या एका भारतीय कैद्याचा फोटो छापून आला आणि तो मेजर ए. के. घोष यांचा असल्याचं घरच्यांनी ओळखलं. व्हिक्टोरिया स्कोफिल्ड या ब्रिटिश पत्रकार बाईंच्या भुट्टोवरच्या पुस्तकात लाहोरच्या कोट लखपत तुरुंगातला उल्लेख आहे, की भुट्टोच्या कोठडीपलीकडून रात्री ओरडण्याचे आवाज यायचे आणि ते १९७१ चे भारतीय कैदी असल्याचं सांगितलं गेलं. भुट्टोने स्वतः सही केलेल्या सिमला कराराचे उरलेले कागद भिंतीपलीकडे ओरडत होते, असं म्हणायला हरकत नाही.

मी हे सगळं त्या रविवारी एका दमात वाचलं आणि संध्याकाळपर्यंत मला खात्री पटली होती की सगळे चोपन्न जिवंत होते. वीस वर्षांच्या मुलाला एका दिवसात खात्री पटते. नंतर थोडं शांत डोक्याने वाचल्यावर दिसलं की चोपन्न ही एक गोष्ट नाही, चोपन्न वेगळ्या गोष्टी आहेत. काहींचं विमान कोसळताना सोबतच्यांनी पाहिलं होतं, त्यांच्या जगण्याची शक्यता जवळपास नव्हती. काही नक्की जिवंत पकडले गेले असावेत असे धागे आहेत. काहींबद्दल फक्त कोणीतरी कोणाला तुरुंगात दिसल्याची ऐकीव हकीकत. पत्रकार चंदर सुता डोगरा यांनी २०२० मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं, 'मिसिंग इन ॲक्शन'. ते वाचताना हे जास्तच जाणवतं. पण यादी एकदा एकत्र बांधली गेली की सरकारही एकत्र उत्तर देतं आणि पाकिस्तानही. एक सरसकट 'हो, असावेत', एक सरसकट 'नाही'.

डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हे चटकन कळेल. 'जिवंत' या रकान्यात 'हो' किंवा 'नाही' असं लिहिता येतं, आणि तिसरं म्हणजे तो रकाना रिकामा, नल. नवशिका प्रोग्रॅमर हमखास इथे फसतो, कारण रिकामं म्हणजे 'नाही' असं तो धरून चालतो आणि रिपोर्टमधून त्या ओळी गुपचूप गळून पडतात. एरर येत नाही. कोणाला कळतही नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं १०८ वं कलमही तेच करतं: ज्या माणसाबद्दल सात वर्षं त्याच्या जवळच्यांना काही कळलेलं नाही तो मेला असं धरून चाला. (२०२४ मध्ये नवा कायदा आला, सात वर्षं तशीच राहिली.) व्यवहारासाठी ते लागतंच, पेन्शन, जमीन, दुसरं लग्न, सगळं त्यावर अडलेलं असतं. पण घरात जेवणाचं ताट वाढताना ते कलम उपयोगाचं नाही.

१९८३ मध्ये काही घरच्यांना मुलतानच्या तुरुंगात नेलं गेलं. २००७ च्या जूनमध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानातले वेगवेगळे तुरुंग पाहून आले. दोन्ही वेळा कोणी सापडलं नाही. पस्तीस वर्षांनी तुरुंगाच्या दारात उभं राहून आपण नक्की कोणत्या वयाचा चेहरा शोधायचा, हे मला तर सुचलं नसतं.

इथे इस्रायलची आठवण होते. 'हातुफिम' तिकडे २०१० मध्ये लागली तेव्हा त्यांचा एक खरा सैनिक, गिलाद शालित, गाझात कैदेत होता. जून २००६ पासून. लोकांनी त्याच्यासाठी मोर्चे काढले, पंतप्रधानांच्या घराबाहेर तंबू टाकला. ऑक्टोबर २०११ मध्ये तो सुटला, बदल्यात १,०२७ कैदी सोडावे लागले. हा सौदा बरोबर होता का यावर तिकडे आजही भांडणं होतात. मला त्यांच्या राजकारणाचं इथे काही म्हणायचं नाही. मुद्दा एवढाच की त्यांची मालिका चालू प्रश्नावर होती, बघणाऱ्याला त्या कैद्याचं नाव माहीत होतं. आपण ती मालिका विकत घेतली, पण सोबत आपलं एकही खरं नाव जोडलं नाही.

आणि आता परुळकर. कारण शोधताना न आलेल्यांच्या यादीच्या अगदी शेजारी एका आलेल्याची गोष्ट सापडली, आणि ती मी त्या संध्याकाळी आबाजींना वाचून दाखवली.

दिलीप परुळकरही सुखोई-७ उडवायचे. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पडलं आणि ते पकडले गेले. युद्धाच्या कितीतरी आधी त्यांनी आपल्या वरिष्ठांना सांगून ठेवलं होतं की कधी पकडला गेलो तर पळून येईन. रावळपिंडीच्या कॅम्पात हवाई दलाचे डझनभर कैदी होते. युद्ध संपलेलं, करार झालेला, कैदी मात्र आतच. परुळकर, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी कोठडीची विटांची भिंत आतून पोखरली. हत्यारं म्हणजे कात्री, काटे-चमचे असलं काहीतरी. भोक खाटेमागे लपवायचं, निघालेला राडारोडा रेड क्रॉसच्या खोक्यांत. एका शालेय ॲटलासमधून नकाशा, सुई चुंबकित करून होकायंत्र, वैमानिकाच्या जी-सूटमधून पाण्याच्या पिशव्या. (आमच्या कॉलेजात प्रोजेक्टला बजेट मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी हे वाचावं.) १२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री वादळ-पाऊस सुरू झाला आणि तिघं बाहेर पडले.

बसने पेशावर. तिथून टांगा, पायपीट, पुन्हा बस, आणि सकाळी लंडी कोतल. खैबर खिंड. अफगाण सरहद्द तिथून जेमतेम चार-पाच मैल. कोणाचंही लक्ष गेलं नव्हतं. आता फक्त पुढचा रस्ता विचारायचा होता. ॲटलासवर पुढचं स्टेशन दिसत होतं, लंडी खाना. त्यांनी विचारलं, लंडी खान्याला कसं जायचं?

लंडी खाना हे स्टेशन इंग्रजांनी १९३२ मध्येच बंद केलं होतं.

चाळीस वर्षं जुना डेटा! कोणीतरी ॲटलासची नवी आवृत्ती काढताना तो ठिपका पुसायला विसरलं आणि तिथे तीन माणसांची सुटका अडली. तिथल्या माणसाला संशय आला, की लंडी खाना विचारणारे हे कोण? बांगलादेशला पळणारे बंगाली असावेत असं समजून पकडलं. ख्रिश्चन असल्याची, पाकिस्तानी हवाई दलात नोकरीला असल्याची बनावट गोष्ट टिकली नाही. टोळ्यांच्या त्या मुलखात तिघांना तिथल्या तिथे गोळी घातली असती तरी कोणी विचारलं नसतं. तेव्हा परुळकरांनी एक फोन करू द्या म्हणून हट्ट धरला. फोन कोणाला, तर आधी त्यांच्याच कॅम्पचा प्रमुख असलेल्या पाकिस्तानी स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीदला. हा माणूस कैद्यांशी नीट वागलेला होता आणि आता पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचा एडीसी होता. उस्मानने सांगितलं की ही माणसं आमची आहेत, त्यांना धक्का लावू नका. आणि ते वाचले. जिनिव्हा करारानुसार पळण्याचा प्रयत्न हा गुन्हा नाही, फार तर तीस दिवसांची शिस्तीची शिक्षा. ती भोगून तिघं लायलपूरच्या कॅम्पात गेले आणि १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून सगळ्यांबरोबर परत आले. म्हणजे पळाले नसते तरी साडेतीन महिन्यांत सुटलेच असते. हे त्यांना तेव्हा कुठे माहीत होतं?

फेथ जॉन्स्टन या कॅनडियन लेखिकेने यावर २०१३ मध्ये 'फोर माइल्स टू फ्रीडम' नावाचं सुंदर पुस्तक लिहिलंय. नक्की वाचा.

आबाजींनी सगळं ऐकून घेतलं. लंडी खान्याच्या जागी हसले. उस्मान हमीदच्या जागी मान हलवली, म्हणाले, "असतेत. तिकडंबी असतेत." मग बराच वेळ गप्प. मला वाटलं आता विषय संपला. पण ते म्हणाले, "हा पायलट मोठा मानूस. याले फोन कराले ओळख होती. आमच्या नाईकाले कोनाची ओळख असन?"

मला तोपर्यंत हे जाणवलंच नव्हतं. मी दिवसभर जे वाचलं त्यात अधिकारी होते, वैमानिक होते. त्यांचे फोटो होते, इंग्रजी बोलणाऱ्या बायका होत्या, खासदारांना पत्र लिहू शकणारे वडील होते. यादीत शिपायांचीही नावं होती, पण त्यांच्या पुढे गोष्ट नव्हती. नाव, नंबर, पलटण, बस्स.

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली, तुकड्या-तुकड्यात. रात्रीची लढाई, पश्चिमेकडे. यांच्या सेक्शनला मागे हटायचा हुकूम आला. यांच्याच भागातला एक जोडीदार मांडीला गोळी लागून पडला होता. त्याला उचलून न्यायला दोन माणसं लागणार होती आणि आबाजी एकटे होते. "म्हनलं, आलोच घेऊन कोनाले. आन् गेलो." परत जाता आलं नाही. दोन दिवसांनी ती जागा पुन्हा आपल्या ताब्यात आली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. कागदावर शेरा पडला, बेपत्ता, बहुधा मृत. आबाजींच्या डोक्यात मात्र पंचेचाळीस वर्षं एकच हिशोब होता: प्रेत नव्हतं म्हणजे त्यांनी उचलून नेला असेल. उचलून नेला म्हणजे जिवंत असेल. जिवंत असेल तर कुठल्या तरी तुरुंगात असेल, आणि रोज सकाळी आठवत असेल की हा 'आलोच' म्हणून गेला होता.

"चौकशीत सांगितलं का तुम्ही हे?" मी विचारलं. डोक्यात मालिकेतलं ते टेबल आणि दिवा.

"कोनंच इचारलं नाई मले. कंपनी कमांडर गेल्ता त्याच रात्री. कोन इचारीन?"

यादी माझ्यासमोर उघडीच होती. नाव वर-खाली दोनदा पाहिलं. स्पेलिंग बदलून पाहिलं, तांब्यांचा 'टॉम्बे' झाला होता म्हणून यांच्या नावाचंही जे जे होऊ शकतं ते सगळं करून पाहिलं. नव्हतं. "नाही आबाजी, यात नाव नाही त्यांचं," असं म्हणालो, आणि म्हणताना मला वाटत होतं की मी यांना चांगली बातमी देतोय, म्हणजे तो तुरुंगात सडला नाही. ते तोंडाकडे बघत राहिले. "नाई?" "नाही." "पक्कं नाई?" मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "म्हंजे तिथंच..." पुढचं बोलले नाहीत.

यादीत नाव नसणं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. ती यादी पूर्ण आहे असं सरकारही म्हणत नाही, पुढे ती ८३ झालीच. रिकामा रकाना म्हणजे 'नाही' नव्हे, हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी, विसाव्या वर्षी, मी नवशिक्या प्रोग्रॅमरचीच चूक केली आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या रकान्यात 'नाही' भरून मोकळा झालो. मार्च २०१७ मध्ये मालिका संपली. शेवटचे भाग मी पाहिले नाहीत. आबाजींचा टीव्ही तोपर्यंत दुरुस्त झाला होता.

तर त्या ऑगस्टमधल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी मी आबाजींना फोन केला. ऐकू कमी येतं आता, सत्तरीच्या पुढे बरेच गेलेत. "आबाजी, परुळकर गेले!" असं तीनदा ओरडल्यावर म्हणाले, "कोन, तो खैबरवाला? गेला का... चांगला मानूस होता." जणू काही रोजच्या पारावरचा. मग मी नऊ वर्षं राहिलेलं बोललो, की तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं, यादीत नाही म्हणजे नक्की काहीच कळत नाही. पलीकडे शांतता. मला वाटलं ऐकूच गेलं नाही.

"माहीत हाय मले," ते म्हणाले. "तू लहान होता."

मग त्यांनी पहिल्यांदाच जोडीदाराच्या गावाचं नाव सांगितलं. मला धक्का बसला, कारण मी इतकी वर्षं समजत होतो की कुठेतरी लांबचं असेल. आमच्यापासून गाडीने फार तर दोन तास, अचलपूरच्या पलीकडे, मेळघाटाच्या पायथ्याशी. त्याची धाकटी बहीण तिथेच राहते, तिचं नाव-पत्ता आबाजींकडे १९७२ पासून आहे. सुट्टीवर आले तेव्हाच जायचं होतं. मग पुढच्या सुट्टीत जाऊ म्हटलं. मग काय सांगणार म्हणून नाही गेले. मग इतकी वर्षं गेली की आता कुठल्या तोंडाने जायचं म्हणून नाही गेले.

"तू इकडं येशीन तं गाडी घेऊन येजो," ते म्हणाले. "एसटीनं जमत नाई आता."

मी हो म्हटलं. विचारलं, तिथे गेल्यावर काय सांगणार?

"ते तिथं गेल्यावर पाहू. तू सकाळी किती वाजता निघाचं ते सांगजो."